नीळ

टाकी रात्रभर बोलते.
आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी उशाशी रेडिओ घेऊन झोपलंय,
मग कळलं आमचीच आहे,
स्वतःशी पुटपुटणारी,
शेवटच्या वर्षातल्या सासूबाईंसारखी.

मुस्तकीम गावी गेलेला, माल्द्याला, बहिणीच्या लग्नाला.
फोनमध्ये त्याच्या मागे जनरेटर धडधडत होता.
म्हणाला, ताई, झाकण उचला, घाबरू नका,
टाकीतलं पाणी नळाचंच असतं.
उचललं.
कन्नमवार नगरात आल्यापासून पहिल्यांदा,
म्हणजे एकोणीस वर्षांत.
आत एक काळा चेंडू, पितळी दांडी, दांडीला धरलेला क्षार,
आणि वाशर, चघळून टाकलेल्या सुपारीसारखा.

हात घालायला किती वेळ घेतला
ते मी लिहिणार नाही.
एवढंच लिहिते की या खोलीत हात घालायचं काम
आमच्या घरी नेहमी
दाराबाहेर उभं राहून चहा पिणाऱ्या माणसाचं होतं.
त्याचा कप वेगळा होता. कान तुटलेला.

वाशर बारा रुपयांचा.
दांडी जराशी खाली वाकवली, चेंडू वेळेवर थांबला,
टाकी गप्प झाली.
लोटलीकरांचं छत झालं नाही.

सोसायटीच्या फायलीत त्यांची अकरा पत्रं आहेत.
‘तुमच्या संडासातून आमच्या संडासात’
अशी प्रत्येकाची सुरुवात, अक्षर मोत्यासारखं.
छत्री घेऊन बसतात म्हणे आत,
सेक्रेटरी पेडामकर म्हणाले होते जनरल बॉडीत,
आणि सगळे हसले होते, मीही, वेफर्स खाता खाता.
आमचं उत्तर ठरलेलं : गळती चौथ्या मजल्याची.
चौथ्याचं : गच्चीची.

नीळ आहे का घरात, मुस्तकीमनं विचारलं.
होती. मुलाच्या शाळेच्या शर्टांसाठी आणलेली,
मुलगा आता बेंगळुरूला, रंगीत शर्ट घालतो.
अर्धी बाटली टाकीत ओतली, खटका दाबला,
आणि जिना उतरून त्यांची बेल वाजवली.

तुम्ही कधी उभे राहिलात
आपल्याच संडासाच्या खाली?
वर आमची पांढरी फरशी, लिंबाच्या वासाची वडी,
खाली बिडाची एक वाकडी मान,
सांध्यापाशी फुगलेलं सिमेंट, गंजाचे ओघळ.
लोटलीकर म्हणाले,
सकाळी पाच चाळीसला तुम्ही, सहाला मिस्टर.
तीन वर्षांपूर्वी रात्री कुणीतरी नळ सोडून
रडायचं.
मी म्हटलं, हो.

मग दोघंही वर बघत राहिलो.
त्यांनी छत्री उघडली, माझ्या डोक्यावर धरली.
थेंब यायला वेळ लागला.
आला तो निळा.

सांधा खालूनच फोडावा लागतो.
गळती आमची, स्टूल त्यांचं.
मुस्तकीम शुक्रवारी आला, मिठाईचा डबा घेऊन,
छिन्नीनं जुनं टोकरलं, सुतळी ठासून भरली,
वरून सिमेंट, अंगठ्यानं गोल फिरवून,
जसं करंजीची कड दाबतात.
म्हणाला, चोवीस तास वर कुणी बसायचं नाही.

चोवीस तास आम्ही लोटलीकरांकडे जात होतो,
दाराशी चपला काढून, पाहुण्यांसारखे.
बादली भरून ठेवलीय, ते दर वेळी सांगायचे
आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.
दुसऱ्या दिवशी चहा केला त्यांनी, सांधा बघायला आलेल्या मुस्तकीमलाही.
मी कप पाहिले.
एकाच सेटचे होते.

छत्री अजून आत खिळ्याला आहे,
कापडावर रुपयाएवढा निळा डाग.
मी म्हटलं, द्या, धुऊन आणते.
ते म्हणाले, राहू दे.
पुरावा आहे.